भेट म्हणून पाठवली, तरी ड्यूटी?

प्रश्न : अमेरिकेतल्या भावाने कॅमेऱ्याची नवी लेन्स 'गिफ्ट' लिहून पाठवली. ती बेंगळुरू विमानतळावर कस्टममध्ये अडकलीय आणि कुरिअरवाले ड्यूटी मागताहेत. भेटवस्तूवर कसली ड्यूटी? – एक वाचक, जयनगर

उत्तर : ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीची माफी डिसेंबर २०१९मध्येच गेली. सूट उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटवस्तूला मात्र नाही, हे विशेष! शिवाय ड्यूटी नुसत्या किमतीवर नव्हे, भाडे-विमा धरून लागते. केवायसी लगेच द्या, भावाकडून खरेदीची पावती मागवा. पावतीवर किंमत कमी दाखवायला सांगू नका. कुरिअरवाले ड्यूटीवर आपलेही शुल्क लावतात. म्हणून बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा, सरकारचे किती आणि त्यांचे किती ते कळेल. एसएमएसमधल्या लिंकवर मात्र पैसे भरू नका. ट्रॅकिंग नंबर कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा.