दगड लपवा, पण टेकाडावर नको

प्रश्न : माझ्याकडे अकीक, गारगोट्या आणि काही जीवाश्म आहेत. सुट्टीत नातवंडे येतात. कौंडण्यपूरला वर्धेकाठी ते लपवून शोधायचा खेळ घेऊ का?

उत्तर : खेळ जरूर घ्या, पण आपल्या शेतात किंवा अंगणात. कौंडण्यपूरच्या टेकाडांत जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. 1960च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. तिथल्या मातीत बाहेरचा दगड मिसळला, तर पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल होईल. मुलांना खापर किंवा मणी दिसला, तर जागेवरच राहू द्यावा. नदीकाठी लहान मुले असताना दगड शोधण्यापेक्षा पाण्याकडेच लक्ष द्यावे लागते, म्हणून नदीकाठही टाळा.

लपवायला अकीक आणि गारगोटी घ्या. प्रत्येकावर रंगाने क्रमांक टाका, वहीत तो कुठून आणला ते लिहा. सापडल्यावर मुलांनी एखाद्या जुन्या बाटलीवर मोठ्यांच्या देखरेखीत ओरखडा काढून पाहावा. अकीक काचेवर रेघ ओढतो, चुनखडक नाही. मग सांगा : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि थरावर थर साचून अकीक झाला. त्याच्या रेघा मुलांकडून मोजून घ्या!

जीवाश्म मात्र पेटीतच ठेवा, एकेक करून हातात द्या. सिरोंच्याजवळचे वडधम जीवाश्म उद्यान पुढच्या सुट्टीत त्यांना दाखवा, तिथून काही उचलून मात्र आणू नका.