साडेसातची वेळ सांभाळा

प्रश्न : वय ४१. बियाणे कंपनीत विक्री अधिकारी आहे. दारू सोडून साडेचार महिने झाले. पण क्षुल्लक कारणावरून चिडतो, मग रडू येतं. डीलरांसोबतच्या ‘बैठकां’ची धास्ती वाटते. नोकरी सोडून गावी शेती करू का?

उत्तर : साडेचार महिने ही तुमची मोठी कमाई आहे. इतकी वर्षं राग, अपमान, एकटेपणा, सगळ्यावर दारूचं झाकण होतं. ते निघालं, म्हणून वाफ बाहेर येतेय. मेंदूची घडी बसायला काही महिने लागतात. हे चढउतार त्याचाच भाग आहेत.

तलफ आली की स्वतःला चार प्रश्न विचारा : भूक लागलीय? राग आलाय? एकटं वाटतंय? थकलोय? जे उत्तर येईल त्यावर आधी इलाज करा. तलफ लाटेसारखी असते, बहुधा अर्ध्या तासात ओसरते. संध्याकाळी साडेसातला डीलरचा ‘बैठकी’साठी फोन आला तर ‘जेवायला बसलोय, सकाळी दुकानावर येतो’ म्हणा आणि खरंच ताटावर बसा.

राजीनामा मात्र आत्ता नको. पहिल्या वर्षात मोठे निर्णय टाळलेले बरे. साहेबांकडे कार्यालयीन काम किंवा दिवसाच्याच भेटी मागून पाहा. शेतीचा हिशेब वहीत मांडा, वर्षाने उघडा.

दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या गटाच्या सभांना जा. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर क्षणभरही थांबू नका, लगेच फोन करा. १४४१६ ही ‘टेलि-मानस’ची मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवा चोवीस तास सुरू असते.