झोंबींची साथ, मुंबईचा प्लेग आणि गणितातील एक वाट

गणित घेतले तर बारावीनंतर अभियांत्रिकी आणि जीवशास्त्र घेतले तर वैद्यकीय, अशी विभागणी अनेक घरांत दहावीच्या निकालाआधीच झालेली असते आणि त्यामुळे या दोन्ही विषयांवर उभे असलेले गणिती साथरोगशास्त्र विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते. रोग समाजात कोणत्या वेगाने पसरेल आणि कोणत्या उपायाने तो आटोक्यात येईल, हे समीकरणांच्या साहाय्याने तपासणे हे या शाखेचे काम आहे.

या शाखेतील एक पायाभूत मांडणी १९२७ मध्ये करमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी केली. लोकसंख्येचे संसर्ग होऊ शकणारे, संसर्ग झालेले आणि बरे झाल्याने किंवा मृत्यूमुळे साखळीबाहेर गेलेले असे तीन गट करून, एका गटातून दुसऱ्या गटात लोक किती वेगाने जातात हे त्यांनी अवकल समीकरणांनी, म्हणजे बदलाचा दर सांगणाऱ्या समीकरणांनी, मांडले. या मांडणीला गणिती प्रारूप म्हणतात. ते पडताळण्यासाठी त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगमधील साप्ताहिक मृत्यूंचे आकडे वापरले आणि समीकरणांतून आलेला आलेख त्या आकड्यांशी बराचसा जुळला.

हीच पद्धत २००९ मध्ये कॅनडातील गणितज्ञ रॉबर्ट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोंबींच्या, म्हणजे चावून माणसालाही आपल्यासारखे करणाऱ्या चित्रपटांतील जिवंत प्रेतांच्या, काल्पनिक साथीला लावली. येथे मृत पुन्हा उठतात, त्यामुळे नेहमीची समीकरणे बदलावी लागली; आणि केवळ विलगीकरण किंवा उपचार पुरेसे न ठरता, त्वरित, वारंवार आणि वाढत्या तीव्रतेने केलेला प्रतिकारच मानवजातीला वाचवू शकतो, असा निष्कर्ष निघाला. कथा काल्पनिक असली तरी अनोळखी रोगापुढे गृहीतके कशी निवडावीत आणि त्यांचे परिणाम कसे तपासावेत, याचे शिक्षण त्यातून खरेखुरे मिळते.

प्रत्यक्ष रोगांत या गणिताचे मोल अधिक आहे. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, सरासरी १२ ते १८ जणांना संसर्ग देतो. ही संख्या १५ धरली तर साथ थांबण्यासाठी १५ पैकी १४ जण, म्हणजे ९३ टक्क्यांहून अधिक लोक, सुरक्षित असावे लागतात आणि लसीकरणाचे उद्दिष्ट अशा हिशेबावरूनच ठरते. मात्र मुंबईचा प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत पसरत होता, तर करमॅक आणि मॅकेंड्रिक यांचे साधे प्रारूप माणसाकडून माणसाकडे होणाऱ्या संसर्गासाठी रचलेले होते. म्हणून आलेख जुळला की रोग समजला असे होत नाही, आणि जीवशास्त्राची जाण नसलेला गणिती येथे अपुरा पडतो.

यामुळे या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने अकरावीत शक्यतो गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवावेत. पुढे गणित किंवा संख्याशास्त्रातील पदवी घेताना कलनशास्त्र, संभाव्यता आणि पायथन किंवा आर या संगणकीय भाषा आत्मसात कराव्यात. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था (आयसर), सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था येथील अभ्यासक्रमांची माहिती वेळीच घ्यावी.

पालकांनी एक गोष्ट स्पष्टपणे जाणून घ्यावी की संशोधक होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि बहुधा पीएच.डी. आवश्यक असते, म्हणून येथे उत्पन्न सुरू होण्यास वेळ लागतो. परंतु मध्येच दिशा बदलली तरी हे कौशल्य औषधचाचण्यांचे विश्लेषण, विमा आणि बँकिंग या क्षेत्रांत उपयोगी पडते. मुलाला किंवा मुलीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आवडत असतील, तर केवळ प्रवेशपरीक्षेच्या सोयीसाठी त्यांपैकी एक सोडायला लावू नये.