जुना खंड, हार्ड डिस्क आणि दहावीनंतरचा प्रश्न

जुन्या मराठी मासिकाचा वर्षभराचा एक बांधीव खंड घ्या. पानं ए-फोर आकाराची, सहाशेच्या आसपास. प्रत्येक पान रंगीत, इंचाला ३०० बिंदू या घनतेने स्कॅन केलं आणि फाइल अजिबात न आवळता साठवली, तर ते साधारण २५ एमबीचं होतं. खंड झाला १५ जीबीचा. तालुक्याच्या ग्रंथालयात असे पाचशे खंड असले की साडेसात टीबी. शहाणा माणूस तीन प्रती ठेवतो आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, म्हणजे बावीस-तेवीस टीबी. इथवरचा हिशेब दहावीतल्या मुलालाही येतो. पण डिस्क कोणत्या घ्यायच्या, कधी बदलायच्या, वीज मधेच गेली तर काय, आणि पाच वर्षांनी उघडलेली फाइल जशी ठेवली तशीच आहे हे कशावरून, याची उत्तरं देणारा माणूस ग्रंथालयाला सहजी सापडत नाही.

करिअरबद्दल विचारायला येणाऱ्या पालकांचे प्रश्न मात्र वेगळे असतात. ‘पोरगा दिवसभर कॉम्प्युटर खोलून बसतो, पण गणितात जेमतेम पास. इंजिनिअरिंग झेपेल का?’ किंवा ‘मुलगी वाचनवेडी आहे, पण लायब्ररी सायन्स करून काय मिळणार?’ हार्डवेअर म्हणजे दुरुस्तीचं दुकान आणि ग्रंथालय म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारणं, अशी समजूत घरोघरी पक्की आहे. दोन्ही विद्या एकाच माणसाकडे असतील तर त्याला काम आहे, आणि ते वाढणार आहे, असं माझं मत आहे. एकटं हार्डवेअर किंवा एकटं ग्रंथालयशास्त्र घेऊन वाट जरा लांबची पडते.

स्कॅनिंग हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम. तेवढ्यावर थांबलं की काय होतं, ते ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने दाखवून दिलं. या शतकाच्या सुरुवातीला बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्याने हा प्रकल्प उभा राहिला. लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत मराठीही बरीच. पुढे मूळ संकेतस्थळ बंद पडलं आणि आज ही पुस्तकं मुख्यतः ‘इंटरनेट अर्काइव्ह’वरच्या प्रतींमुळे वाचता येतात. पण शोधायला जा! शीर्षकं रोमन लिपीत, भाषा न जाणणाऱ्याने जमेल तशी टंकलेली. ‘ज्ञानेश्वरी’तला ‘ज्ञ’च रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिता येतो, मग बाकीच्यांचं काय सांगावं? कुठे पानं गायब आहेत, कुठे तिरकी आली आहेत. पुस्तक आहे, पण वाचकाच्या हाती लागत नाही. स्कॅनरशेजारी मराठी वाचणारा आणि तालिकेचे, म्हणजे कॅटलॉगचे, नियम शिकलेला एक माणूस बसला असता, तर यातलं पुष्कळ टळलं असतं.

अक्षर-ओळख, म्हणजे ओसीआर, हा त्यातलाच भाग. ‘टेसरॅक्ट’ हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी वाचतं. पण शिरोरेषा तुटलेली असली, जोडाक्षरं जुन्या खिळ्यांची असली की अडखळतं. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत अनुस्वारांची रेलचेल. ‘कांहीं’ छापलेलं पान आजच्या ‘काही’ने शोधलं तर सापडेलच असं नाही. हे संगणकाला समजावून सांगायला जुनं मराठी वाचलेलं असावं लागतं. मोडी येत असेल तर फारच उत्तम. मोडीला २०१४पासून युनिकोडमध्ये जागा आहे, आणि मोडी कागद पुण्यातच नाहीत, थेट तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही आहेत.

आता हार्डवेअर. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. मुलाला खरंच गोडी आहे का, हे त्याआधी घरीच पाहता येतं. भंगारातला एक डेस्कटॉप आणा. रॅम काढून पुन्हा बसवू दे, हार्ड डिस्क बदलू दे, लिनक्स टाकू दे. (एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, झाकण मात्र उघडू देऊ नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये घातक वीज साठलेली असू शकते.) मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की जुन्या संगणकाचं घड्याळ मागे जातं. घरी ही किरकोळ कटकट. ग्रंथालयात त्याच संगणकावर दिवसभर स्कॅनिंग झालं तर शेकडो फाइलींवर चुकीची तारीख बसते आणि कोणती प्रत आधीची, कोणती सुधारलेली, हे कळेनासं होतं. असं काही दिसल्यावर जो मुलगा कारण शोधत बसतो, तो या कामाचा. कोकणातला पावसाळा, दमट खोली, स्कॅनरच्या काचेवरची धूळ, कमीजास्त होणारा वीजदाब, हे सगळं त्याच्याच वाट्याला येणार.

नेटवर्कची सुरक्षितताही. ऑक्टोबर २०२३मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची मुख्य ऑनलाइन तालिका थेट जानेवारीत परत आली, तीही मर्यादित स्वरूपात. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत.

ग्रंथालयशास्त्राची पदवी कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षाची. इग्नू आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांच्याकडून ती नोकरी सांभाळूनही करता येते. तिथे वर्गीकरण आणि तालिकीकरण मन लावून शिकावं. ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं ‘कोहा’ आणि डिजिटल संग्रहासाठीचं ‘डीस्पेस’ ही दोन मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर बसवून पाहावीत. ती बसवता येणारा ग्रंथपाल आणि तालिका समजणारा हार्डवेअरवाला, दोघेही दुर्मीळ आहेत.

पैशांचं स्पष्ट बोललेलं बरं. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांतले पगार तुटपुंजे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. स्कॅनिंगची कामं बहुधा कंत्राटी, पानामागे पैसे देणारी. खंड संपला की काम संपलं. वर्षभर अनुभव म्हणून ठीक, पुढे त्यात अडकू नये. पण हीच विद्या ग्रंथालयाबाहेरही लागते. सप्टेंबर २०२३मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये आहेत, त्यांतले दोन हजार कोटींहून अधिक खटल्यांच्या कागदपत्रांचं डिजिटायझेशन आणि जतन यांसाठी. २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘ज्ञान भारतम्’ अभियानात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन यांचं उद्दिष्ट आहे. विद्यापीठं, वृत्तपत्रांची दप्तरं, वस्तुसंग्रहालयं, भूमी अभिलेख यांचीही तीच गरज. जाहिरातीत पदाचं नाव ‘ग्रंथपाल’ असेलच असं नाही, म्हणून शोधताना डिजिटल जतन, अभिलेख, डेटा व्यवस्थापन हे शब्दही टाकून पाहा.

खासगी क्लासची फी भरण्याआधी तिथल्या प्रयोगशाळेत अर्धा तास बसा. मुलांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसतो की भिंतीवरच्या पडद्यावर नुसत्या स्लाइड, एवढं पाहिलं तरी पुरे. आणि सुटीत मुलाला मराठी विकिस्रोतावर मुद्रितशोधनाला बसवा. तिथे स्कॅन केलेलं पान एका बाजूला आणि त्याचा मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त होतं, तेव्हा जुन्या पुस्तकांना तोटा नाही. वीस पानं तपासून झाल्यावर तो स्वतःहून एकविसावं उघडतो का, ते पाहा.