अष्टपरिष्कार आणि प्रवासाचे ओझे

प्रवासात सामान कमी असावे, हा उपदेश आपण सर्वांनी ऐकलेला असतो आणि निघण्याच्या आदल्या रात्री आपण सर्वच तो विसरतो. ‘असू द्या, लागले तर?’ असे म्हणत एकेक वस्तू पिशवीत जाते आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या जिन्यावर तीच पिशवी आपल्याला थांबवते. हा प्रश्न आजचा नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खू संघापुढे तो उभा राहिला होता आणि त्याचा विचार विनयपिटकात अत्यंत बारकाईने झालेला आहे. पावसाळ्यातील वर्षावासाचे तीन महिने वगळता भिक्खूंनी गावोगाव चारिका करीत राहावे, अशी संघाची रीत होती. ही चारिका पायी होत असे. त्यामुळे काय बरोबर घ्यावे आणि काय मागे ठेवावे, हा त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होता.

प्रस्तुत लेखात या नियमांमागील कारणे पाहावयाची आहेत. त्याबरोबरच एका महत्त्वाच्या प्रश्नाचाही विचार करावयाचा आहे : हलक्या सामानाने निघणे कोणाला शक्य होते, आणि ते शक्य व्हावे म्हणून कोणाला काय करावे लागते?

तीन चीवरांचा नियम

महावग्गातील चीवरविषयक प्रकरणात एक प्रसंग आहे. तथागत राजगृहाहून वैशालीकडे निघाले असता त्यांना वाटेत काही भिक्खू दिसले. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या खांद्यावर, तर कोणाच्या कमरेवर चीवरांची गाठोडी होती. उपासकांनी श्रद्धेने दिलेली वस्त्रे नाकारली गेली नव्हती आणि पाहता पाहता त्यांचे ओझे झाले होते. हे पाहून तथागतांनी तत्काळ नियम सांगितला नाही. वैशालीला गोतमक चैत्यात मुक्काम असताना, ऐन हिवाळ्यातील दंव पडण्याच्या रात्री, ते स्वतः एक चीवर पांघरून उघड्यावर बसले. पहिला प्रहर सरेपर्यंत थंडी वाजली नाही. तो सरल्यावर वाजू लागली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरल्यावर तिसरे घेतले आणि पहाटे चौथे. या अनुभवावरून, थंडी सहन न होणाऱ्या कुलपुत्रालाही तीन चीवरांवर निभावता येईल, असा निर्णय त्यांनी घेतला. त्यांतील एक, म्हणजे संघाटी, दुपदरी असावी, असेही ठरवले. चौथ्या चीवराची गरज अशा रीतीने दुपदरी कापडात भागली.

या प्रसंगात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नियम करणाऱ्याने आधी स्वतःच्या अंगावर प्रयोग केला. तो प्रयोग सुखाच्या ऋतूत न करता सर्वांत कठीण रात्री केला. आणि मर्यादा ठरवताना धडधाकट माणसाऐवजी थंडी सोसू न शकणाऱ्याचा विचार केला. कमी सामान म्हणजे देहाला छळणे, असा अर्थ येथे कोठेही नाही. पुढे जास्तीचे चीवर मिळाल्यास ते दहा दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा देण्यात आली. आजारी भिक्खूसाठी तूप, लोणी, तेल, मध व गूळ ही पाच औषधे सात दिवसांपर्यंत जवळ ठेवण्यास परवानगी होती. गरज आणि साठा यांच्यामधली रेषा दिवस मोजून आखलेली होती.

लोकरीबाबतचा नियमही उद्बोधक आहे. कोसल देशातून श्रावस्तीकडे जाणाऱ्या एका भिक्खूला वाटेत लोकर मिळाली. ती तो चीवरात बांधून नेत असता लोकांनी त्याची थट्टा केली. ही कितीला घेतली आणि विकून नफा किती होणार, असे विचारले. त्यानंतर स्वतः लोकर वाहून नेण्यास तीन योजनांची मर्यादा घालण्यात आली. ओझे केवळ खांद्यांना थकवते असे नाही. आपण कोण आहोत याविषयी ते पाहणाऱ्यांना काही सांगतही असते.

आठ वस्तू

परंपरेने भिक्खूच्या मालकीच्या वस्तू आठ मानल्या जातात. त्यांनाच अष्टपरिष्कार म्हणतात : अंतरवासक, उत्तरासंग व संघाटी ही तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंध आणि पाणी गाळण्याचे साधन. यादी लहान आहे, पण तिची निवड विचारपूर्वक आहे. संघाटी थंडीत पांघरूण होते आणि घडी करून खाली अंथरताही येते. पात्रात भिक्षा घेता येते आणि त्यातच जेवताही येते. यादीत दुसऱ्या भांड्याला जागा नाही, सुईला मात्र आहे. फाटलेले शिवता येत असेल, तर त्याच्या जागी दुसरे बाळगावे लागत नाही. ज्याला दुरुस्ती येते त्याचे सामान आपोआप कमी होते, हा या आठ वस्तूंमधला सर्वांत व्यवहारी धडा आहे.

जुन्या चीवराचे काय होते?

कमी वस्तू बाळगणाऱ्याने मिळालेली वस्तू कशी वापरावी, याचे उत्तर चुल्लवग्गातील आनंद आणि राजा उदेन यांच्या संवादात मिळते. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदांना पाचशे चीवरे दान केली. राजाला शंका आली, एवढ्या चीवरांचे हा श्रमण काय करणार? कापडाचे दुकान घालणार की काय? त्याने आनंदांना तसे विचारले. ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटून देऊ, असे आनंदांनी सांगितले. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणे, अंथरण्यांची पायपुसणी आणि पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी होतील. शेवटी ती फडकी कुटून चिखलात कालवली जातील आणि त्याने जमीन लिंपली जाईल. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

ज्यांच्या घरात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली गेली आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या आया-आज्यांनी तो कोणत्याही ग्रंथाशिवाय पाळला.

पाणी गाळण्याचे फडके

आठ वस्तूंमधील सर्वांत हलकी वस्तू पाणी गाळण्याचे फडके होय. तिच्याविषयीची हकिकत मात्र सर्वांत जड आहे. कोसल देशात दोन भिक्खू एकत्र प्रवास करीत होते. त्यांतील एकाचे वर्तन अनुचित होते म्हणून दुसऱ्याने त्याला टोकले. पहिल्याने ते मनात धरले. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली. त्याच्याजवळ गाळणे नव्हते, म्हणून त्याने सोबत्याचे मागितले. सोबत्याने ते दिले नाही आणि तहानलेला भिक्खू वाटेतच मरण पावला. हे कळल्यावर तथागतांनी नियम केला, की प्रवासात मागितल्यास गाळणे दिलेच पाहिजे. तसेच गाळण्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नये आणि ते नसेल तर संघाटीच्या टोकाने पाणी गाळावे, असेही सांगण्यात आले.

या हकिकतीमुळे आपला विषय बदलतो. सामान कमी करणे ही केवळ एकट्याची सोय राहत नाही. दोघांच्या पिशव्या हलक्या असतील, तर एकाजवळची वस्तू दोघांची झाली पाहिजे. नाहीतर हलकी पिशवी जीवावर बेतते.

उरलेले ओझे कोणी वाहिले?

आठ वस्तूंमध्ये धान्य नाही, तंबू नाही, पाण्याचा घडा नाही. ते सर्व वाटेवरच्या लोकांकडे होते. याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांमध्ये, ज्यांना पांडवलेणी असेही म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने चारही दिशांच्या भिक्खू संघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक असे व्याज होते. त्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. हिशेब करून पाहावा : दोन हजारांचे वार्षिक व्याज दोनशे चाळीस होते, आणि वीस जणांचे प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. एका नाण्याचाही फरक नाही. भिक्खू तीन चीवरांवर निभावू शकला, कारण चौथे चीवर विणकरांच्या मागावर होते.

त्याच लेण्यातील लेखात प्रवाशांच्या सोयींचीही नोंद आहे. तापी, दमणा, दाहणुका यांसह सहा नद्यांवर मोफत नावा, त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया, आणि भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक म्हणजे सोपारा येथे राहण्याची ठिकाणे उषवदाताने करून दिली. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांपाशी आणि नाणेघाटाच्या माथ्यावर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. लेण्यांच्या लेखांत पाण्याच्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि ती दान करणाऱ्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. वाटेवर पाणी आहे हे ठाऊक असेल, तरच माणूस घडा घरी ठेवून निघतो.

मसूरचे स्टेशन

आता दुसरी वाट पाहू. १९०१ साली शाळकरी भीमराव आपला भाऊ व बहिणीची मुले यांच्यासह साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर, ही मुले महारांची आहेत हे कळताच, कोणी गाडीवान त्यांना न्यावयास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देण्याचे ठरले आणि गाडीही मुलांनीच हाकली. गाडीवान विटाळाच्या भीतीने बाजूने चालत राहिला. मुलांच्या शिदोरीत अन्न भरपूर होते, पण पाणी नव्हते. जकात नाक्यावर मागूनही पाणी मिळाले नाही. अन्न समोर असताना, घशाखाली उतरवायला पाणी नाही म्हणून, त्या मुलांना उपाशी झोपावे लागले.

कमी सामानाचे फायदे सांगणाऱ्याने ही रात्र विसरता कामा नये. ज्या वाटेवर पाणपोई सर्वांसाठी नाही, त्या वाटेवर हलके सामान हा सद्गुण राहत नाही. तेथे माणसाला आपले पाणीही आपणच वाहून न्यावे लागते. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हा सर्वांसाठी असलेल्या पाण्यावरचा समान हक्क सांगितला गेला. प्रवासाच्या भाषेत सांगायचे, तर ते वाट मोकळी करण्याचे काम होते.

आपल्यासाठी

या विवेचनातून आजच्या प्रवासासाठी काही गोष्टी सहज निघतात.

१. मर्यादा आधी ठरवावी आणि वस्तू नंतर निवडाव्यात. रेल्वेच्या शयनयान डब्यात ४० किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते, परंतु ती रेल्वेची मर्यादा आहे. आपली मर्यादा म्हणजे कोणाच्याही मदतीशिवाय पुलाचा जिना चढता येईल एवढे वजन.

२. एकापेक्षा अधिक कामांना येणारी वस्तू आधी घ्यावी. चादर, पंचा, शाल यांचे स्थान संघाटीसारखे आहे.

३. सुई-दोरा ठेवावा आणि रात्री कपडे धुऊन वाळत घालण्याची सवय असावी. दोन जोड धुता येत असतील, तर सहा जोड बाळगावे लागत नाहीत.

४. औषधे, चष्मा आणि मूळ कागदपत्रे यांत काटकसर करू नये. आजाऱ्याच्या औषधाला विनयातही वेगळी सवलत आहे. मुलाखतीला किंवा प्रवेशासाठी निघालेल्या विद्यार्थ्याने प्रमाणपत्रांची पिशवी शरीरापासून वेगळी करू नये.

५. पाणी सोबत घ्यावे आणि मागणाऱ्याला द्यावे.

६. परतीसाठी जागा ठेवावी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माणसे लहानशा पिशवीत भाकरी बांधून येतात आणि जाताना त्याच पिशवीत पुस्तके घेऊन जातात. येताना पिशवी भरलेली असती, तर ती पुस्तके कोठे ठेवली असती?

निवासी शाळेत येणारे मूलही असाच हलका प्रवासी असते. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, दोन गणवेश. एवढ्यावर आईवडील मुलाला दाराशी सोडून परत फिरतात, कारण आत ताट, पाणी, दिवा आणि शिक्षक असतील असा त्यांना विश्वास असतो. त्या विश्वासाची किंमत कोणीतरी दरवर्षी भरत असते : धान्याचे पोते पाठवणारा शेतकरी, पगारातून वर्गणी काढून ठेवणारा कर्मचारी, पहाटे चूल पेटवणाऱ्या स्वयंपाकघरातील ताई.

माजी विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायानिमित्त दूरवर प्रवास करतात. त्यांनी सामान जरूर कमी करावे. मात्र आपली पेटी ज्या वर्षी हलकी होती, त्या वर्षी तिच्यात नसलेल्या वस्तू कोणी पुरवल्या, हेही आठवावे आणि तेवढे या वाटेवर परत ठेवावे. वीस भिक्खूंचे दोनशे चाळीस कार्षापण कोणीतरी आधी ठेवले होते, म्हणूनच ते तीन चीवरांवर राहू शकले. येत्या जूनमध्ये एक पेटी घेऊन जी मुले या दाराशी येतील, त्यांच्यासाठी ही ठेव आपल्याला ठेवावयाची आहे.