गांवांतील सेवकांस ओळखावें कसें?

ज्यानें आपल्या गांवाची निःस्वार्थ सेवा केली त्याचा गौरव व्हावा, याविषयीं दुमत नाहीं. अडचण आहे ती पुढेंच. असा मनुष्य ओळखावा कसा? बहुधा ज्याचा आवाज मोठा, किंवा ज्याच्या हातून देणगी येते, त्याच्याच गळ्यांत आपण हार घालतों. आणि जी रात्रीं कंदील घेऊन बाळंतिणीकडे धांवली ती सभेच्या मागें उभी राहून टाळ्या वाजविते. या पाठांत आपण अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील जामखेडचें उदाहरण घेऊं.

डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं तेथें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. दोघांचेंही शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत झालें होतें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. परंतु परक्या गांवांत एकटीनें राहणें त्यांस अवघड, आणि गांवकऱ्यांसही त्यांचा भरंवसा वाटेना. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी व तिला शिकवून तयार करावें, असें ठरलें. निवडलेल्या पुष्कळ बायका निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजांतील होत्या. त्या शिकण्यासाठीं नेमानें जामखेडास येत, निरनिराळ्या जातींच्या असूनही एकत्र राहत व जेवत, आणि शिकलेलें घेऊन गांवीं परतत. बाळंतपण स्वच्छ हातांनीं कसें करावें, हगवण लागलेल्या मुलास मीठसाखरेचें पाणी कसें द्यावें, क्षय व कुष्ठ यांचीं लक्षणें कशीं ओळखावीं, हें सर्व त्या शिकल्या.

येथें वाचकानें थोडें थांबावें. ज्या जातीच्या बाईस सवर्णांच्या घरांत पाऊल टाकतां येत नसे, तिलाच त्या घरच्या बाळंतपणास बोलावणें येऊं लागलें. हा मान कोणत्याही मानपत्रांत लिहिलेला नव्हता; आमच्या मतें मोठा तोच. त्या भागांत १९७१ सालीं जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १७६ वर्षाच्या आंत दगावत. १९९६ पर्यंत ती संख्या २६ वर आली.

हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. गांवोगांवीं शेतकरी मंडळें निघालीं, मागाहून महिला मंडळें उभीं राहिलीं. शेतकरी मंडळांचा आरंभ व्हॉलिबॉलच्या खेळानें झाला, हें ऐकून कोणी हंसेल. परंतु मैदानावर भिन्न जातींचे तरुण एकत्र आले, मग पाणी, झाडें, शेती यांच्या गोष्टी निघूं लागल्या. अशा मंडळाचा गौरव करतांना त्यांतून एकच नांव उचलण्याची घाई करूं नये.

आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक व १९९० सालीं पद्मभूषण मिळालें. तथापि १९८८ सालची एक गोष्ट अधिक लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वॉशिंग्टन येथील परिषदेंत मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या ग्रामआरोग्यसेविका बोलावयास उभ्या राहिल्या. सभागृहांतील झुंबरें दाखवून त्यांनीं डॉक्टरांस त्यांची उपमा दिली: सुंदर, पण महाग व दूर. नंतर साधे दिवे पुढें करून त्या म्हणाल्या कीं, आपण या दिव्यासारख्या. एका दिव्यानें दुसरा लावतां येतो. सेवकाची पारख करावयाची असेल तर हाच प्रश्न विचारावा: यानें आणखी कोणास शिकविलें?

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय नुसती नांवांची यादी म्हणून कित्येक उपदेशक सोडून देतात. तो पुन्हा वाचावा. पौल कोणासही मोघम धन्यवाद देत नाहीं. फीबी, मरीया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, एकेकीचें नांव घेतो. प्रिस्का व अक्विला यांनीं त्याच्यासाठीं आपला जीव धोक्यांत घातला तेंही सांगतो. नांव आणि त्या नांवापुढें नेमकें काम, अशी त्याची रीत आहे.

आपल्या गांवींही असेंच करावें. पंचांनीं निवड करण्यापूर्वीं ज्या घरांस सेवा मिळाली त्या घरांस विचारावें. ज्यानें सेवा केली त्याला नव्हे, कारण तो बहुधा सांगणार नाहीं. काय केलें, कोणत्या सालीं, कोणाबरोबर, हें सभेच्या वहींत लिहावें. शाल व नारळ दिला म्हणजे झालें असें नाहीं. तिची औषधांची पेटी भरलेली आहे काय, जाण्यायेण्याचा खर्च कोण सोसतो, हेंही पाहावें. आणि आपल्या मंडळीबाहेरच्यांस वगळूं नये. सरकारनें २००५ सालापासून गांवोगांवीं नेमलेल्या आशा सेविकांचा जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं गौरव केला. येत्या सभेंत उपदेशकांनीं एवढेंच विचारावें: आपल्या वाडीच्या आशाताईचें नांव किती जणांस ठाऊक आहे, आणि गेल्या पावसाळ्यांत ती कोणाकोणाच्या घरीं गेली होती?