पडणारेच दात, पण तोवर?

रोवणीच्या दिवसांत आपल्याकडे स्वतःचं तोंड आरशात बघायला सवड नसते, पोराच्या तोंडातले दात कोण बघणार? बांधीवर जायची घाई, नोकरीवाल्यांना बस गाठायची घाई. लेकरू रडायला लागलं की बिस्किटाचा पुडा हातात द्यायचा आणि निघायचं. दिवसभर ते आजीजवळ, आणि आजीच्या कनवटीला गोळी असतेच. रात्री दुधाची बाटली तोंडात दिली की ते झोपतं आणि मग आपणही पाठ टेकतो. घरोघरी हेच चालतं. माझ्या घरी काही वेगळं नव्हतं.

मग कधीतरी ते खळखळून हसतं आणि वरच्या दातांवर तपकिरी काहीतरी दिसतं. पोटात धस्स होतं. घरातलं मोठं माणूस लगेच म्हणतं, "दुधाचेच तं दात आहेत, पडतीन."

हे वाक्य आपल्याला फार आवडतं, कारण त्यानं आपली सुटका होते. समोरच्या दातांपुरतं ते बरंचसं खरंही आहे, सहा-सात वर्षांत ते पडायला लागतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. चार वर्षांच्या लेकराला त्याच दाढांवर अजून सहा-आठ वर्षं चावायचं असतं. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून ती आली हे आपल्याला कळतच नाही. ती बिचारी किडलेल्या दाढेला लागून उगवते.

आणि दात दुखतो हे लहान मूल नीट सांगतच नाही. ते एका बाजूनं चावतं. पोळी बाजूला सारून वरणभात कालवून मागतं, थंड पाणी नको म्हणतं, रात्री किरकिरत उठतं. आपण म्हणतो, नखरे वाढलेत. जास्तच झालं तर लवंग दाबतो. दाढेतला किडा काढून देतो म्हणणारा कुणी बाजारात भेटला, तर त्याच्यासमोरही बसवतो. खरं म्हणजे दाढेत असा किडा नसतोच. तिथं असतात जंतू. ते गोडावर जगतात, आम्ल सोडतात आणि दात हळूहळू विरघळवतात.

दवाखान्यात न्यायचं आपण का टाळतो, तेही सांगते. त्या घुर्रर्र आवाजाला आपणच घाबरतो. पैसे किती सांगतील, रोजी बुडेल, पोरगं तमाशा करेल. त्यात आपणच वर्षभर त्याला धाक घातलेला असतो, "जेवला नाहीस तर डॉक्टरकडून सुई टोचून आणीन." त्याच पोरानं डॉक्टरांसमोर शहाण्यासारखं तोंड उघडावं, अशी आपली अपेक्षा!

म्हणून एका औषधाबद्दल सांगावंसं वाटलं. त्याचं नाव सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, डॉक्टर त्याला थोडक्यात एसडीएफ म्हणतात. त्यातली चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड मऊ पडलेला दात पुन्हा टणक करतं. हे काही काल निघालेलं नाही. जपानमध्ये ओसाका विद्यापीठातल्या दंतवैद्यांनी १९६०च्या दशकात त्यावर काम केलं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्याच संघटनेच्या २०२२च्या अहवालात जगभरातल्या सुमारे ५१ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड असल्याचा अंदाज दिला आहे. तेव्हा आपल्याच लेकराचे दात किडले म्हणून मान खाली घालायचं कारण नाही.

ते लावतात कसं? मूल लहान असेल तर त्याची आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. लेकराचे पाय आईच्या कमरेभोवती, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. वर बघितलं की त्याला आईचा चेहरा दिसतो. ओठांना व्हॅसलिन लावतात, गालात कापसाची गुंडाळी ठेवतात, दात कोरडा करतात. मग औषधाच्या एका थेंबात बारकासा ब्रश बुडवून किडलेल्या जागी मिनिटभर चोळतात. सुई नाही, मशीन नाही. तोंडात धातूची चव येते, तेवढ्यावरून पोरं तोंड वाकडं करतात. माझी लेक रडली, पण खुर्चीतून उठेपर्यंतच.

आता खरी मेख. औषध लावलं की किडलेला भाग काळा पडतो. डागच नाही, चांगला काळाकुट्ट. बारशाला मामानं आणलेले चांदीचे वाळे काळे पडतात तसाच, आणि इथंही कारण चांदीच. हा रंग ब्रशनं जात नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगायला हवं, फोटो दाखवायला हवेत. त्यांनी नाही सांगितलं तर आपण विचारायचं.

इथं आपली गंमत बघा. कालपर्यंत आपणच म्हणत होतो, दुधाचाच दात, पडेल. काळा पडणार म्हटल्यावर तोच दात एकदम जन्मभराचा होतो. "लोक काय म्हणतील? मुलीची जात आहे!" अहो, पडणारच आहे ना तो? काळा आणि टणक म्हणजे कीड थांबल्याची खूण. पिवळट-तपकिरी आणि मऊ दात दिसायला बरा वाटेल, पण तो आतून चाललेला असतो.

तरी लेकराच्या मनाचं काय, हा प्रश्न उरतोच. वर्गातलं कुणीतरी चिडवणार. त्याला आधीच सांगून ठेवावं की औषधानं जंतू मेले म्हणून दात काळा झाला. पोरांना अशा गोष्टी मिरवायला आवडतात. बहुतेकदा ती लाजतात ती आपली लाज पाहून. घरी पाहुणे आले की आपणच "तोंड मिट" म्हणालो नाही, तरी पुष्कळ झालं. समोरच्या दातांचं फारच मनाला लागत असेल, तर नंतर दाताच्या रंगाचं सिमेंट भरता येतं का, ते विचारावं. मागच्या दाढांचा मात्र एवढा विचार करू नये.

या औषधाच्या भरवशावर सगळं सोडूनही चालत नाही. दात रात्री ठणकत असेल, हिरडीला फोड किंवा पू असेल, गाल सुजला असेल, तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली असते आणि तिथं दुसरे उपचार लागतात. चांदीची ॲलर्जी असेल किंवा तोंडात छाले असतील तरी आधी सांगावं. औषधानं खड्डा बुजत नाही, अन्न अडकतच राहतं. एकदा लावून सगळ्याच दातांची कीड थांबते असंही नाही. म्हणून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. आणि हो, जुने कपडे घालून जा. कपड्यावरचा डाग निघत नाही. ओठाला किंवा गालाला लागला तर काही दिवसांत आपोआप जातो.

फ्लोराइड म्हटलं की विदर्भातला माणूस दचकतो, आणि त्याचं दचकणं खरं आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यानं पोरांचे दात पिवळे-तपकिरी झालेले आपण पाहिलेत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. त्याहून जास्त असलेलं पाणी दात घडण्याच्या वयात वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात बिघडतात. इथं मात्र वर्षातून एक-दोनदा एखादा थेंब दाताच्या वरून लागतो. तुमच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

कीड अगदी सुरुवातीची, हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ एवढीच असेल, तर दातावर लावायच्या फ्लोराइड व्हार्निशनं काम भागू शकतं. त्यानं दात काळा पडत नाही. घरी फ्लोराइडवालं पेस्ट वापरायचं, ब्रश आपणच करून द्यायचा. तीन वर्षांखालच्या लेकराला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढं. आपल्या धानाच्या जिल्ह्यात हे माप कुणाला समजावून सांगायला नको. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढं, आणि ते गिळायचं नाही. रात्रीची दुधाची बाटली एकदम सुटणार नाही, हे मला माहीत आहे. बाटलीत साखर घालणं तेवढं आजपासून थांबवू. मग हळूहळू दूध आधी, ब्रश मागून, आणि त्यानंतर फक्त पाणी.

यासाठी थेट नागपूरच गाठायला पाहिजे असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. किडलेले दात त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. ते आले की अंगणवाडीताईंना म्हणा, "माझ्या लेकराचं तोंड नीट बघायला सांगा." मोठं काम निघालं तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहेच. एसडीएफ प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. एसटीचं भाडं घालवण्याआधी फोन करून विचारा.

आणि आज रात्री लेकराला ब्रश करून देताना त्याचा वरचा ओठ बोटानं उचलून उजेडात एकदा बघा. पांढरी रेघ दिसली तरी पुढच्या सणापर्यंत थांबू नका, आठवडाभरात दाखवून या.